शिबिराच्या पलीकडचे आरोग्य

(सेवाकार्यातील कार्यकर्त्यांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी आयोजित केलेल्या अभ्यासवर्गात, वैद्यकीय महाविद्यालयातील सामाजिक वैद्यक विभागाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



सत्र सुरू होण्यापूर्वी आपल्यापैकी एका कार्यकर्त्याने माझ्या हाती एक चिठ्ठी दिली. त्यात प्रश्न असा आहे : "आम्ही गेली अनेक वर्षे वस्तीमध्ये आरोग्य तपासणी शिबिर घेतो. डॉक्टर मंडळी येतात, औषधे वाटली जातात, गर्दीही होते. पण त्यामुळे वस्तीचे आरोग्य सुधारले का, हे आम्हांला सांगता येत नाही. हे कसे कळावे?" माझे आजचे सारे भाषण म्हणजे या चिठ्ठीचे उत्तर आहे असे समजा. मात्र उत्तरासाठी मला आपल्याला जरा दूरवर, एकदा इंग्लंडपर्यंत न्यावे लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात एक विभाग असा असतो की ज्याच्याकडे विद्यार्थी फारशा उत्साहाने पाहत नाहीत. त्याचे नाव पूर्वी 'रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक' असे होते. विद्यार्थी त्याला 'पी.एस.एम.' म्हणत. या विभागात शस्त्रक्रिया होत नाही, येथील प्राध्यापकाच्या दारासमोर रुग्णांची रांग लागत नाही आणि खाजगी व्यवसायात या पदवीला किंमत नाही. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी ज्याला दुसरे काही मिळत नाही तो येथे येतो, अशी समजूत दीर्घकाळ होती आणि ती अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. हे विभाग आपल्याकडे आले ते प्रामुख्याने भोर समितीच्या शिफारशींमुळे. या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा. १९४६ साली समितीने आपला अहवाल दिला आणि त्यात आग्रहाने म्हटले की, उद्याचा डॉक्टर हा केवळ रोग बरा करणारा नको, तो समाजाचा वैद्य हवा. त्याने रोग्याबरोबर त्याचे घर, पाणी, अन्न आणि व्यवसायही पाहावा. विचार मोठा होता. पण विभाग निर्माण करणे सोपे आणि त्यातून वैद्य निर्माण करणे कठीण, हा अनुभव पुढे सर्वत्र आला.

या विभागाचे काम काय? एका वाक्यात सांगायचे तर, इतर विभाग आजारी माणसाला विचारतात की, तुला काय होते आहे. हा विभाग विचारतो की, या गावात कोणाला काय होते, कोणाला होत नाही आणि का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयात बसून मिळत नाही, कारण जो रुग्णालयापर्यंत पोहोचला त्याचीच नोंद तेथे होते. जो पोहोचला नाही, ज्याचे मूल जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी घरातच दगावले, जी बाई कधी डॉक्टरकडे गेलीच नाही, ती तेथील कागदावर अस्तित्वातच नसते. म्हणून या शास्त्राचे पहिले साधन स्टेथोस्कोप नाही. घरोघर जाऊन भरलेली नोंदवही हे ते साधन आहे.

आता इंग्लंडची गोष्ट. विसाव्या शतकाच्या आरंभी बोअर युद्धासाठी सैनिक भरती करताना तेथील राज्यकर्त्यांच्या लक्षात आले की, आपले तरुण मोठ्या संख्येने शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरत आहेत. त्यावेळी तेथे बालमृत्यूही पुष्कळ होते. या चिंतेतून हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंनी १९११ पासून एक पद्धत घालून दिली. सुईणीने प्रत्येक जन्मलेल्या बालकाचे वजन करायचे, आरोग्यसेविकेने वर्षभर त्या घरी जात राहायचे, मूल अंगावर पीत आहे की बाटलीने ते लिहायचे आणि वर्षाच्या शेवटी पुन्हा वजन करायचे. हे सारे मोठ्या खातेवह्यांत सुवाच्य अक्षरांत लिहिले गेले. लिहिणाऱ्या स्त्रियांना त्यातून काही सिद्ध करायचे नव्हते. मूल जगावे एवढाच त्यांचा हेतू होता.

त्यानंतर सात दशके लोटली. साउथॅम्प्टन विद्यापीठातील साथरोगशास्त्रज्ञ डेव्हिड बार्कर यांना या वह्यांचा उपयोग सुचला. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांच्या जन्मनोंदी आणि पुढील आयुष्यातील मृत्यूची कारणे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुळवून पाहिली. १९८९ साली हे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचे वजन जन्मत: आणि वर्षाच्या वयाला कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे साठाव्या वर्षी येणाऱ्या रोगाचे मूळ पाळण्यात, किंबहुना त्याही आधी आईच्या उदरात असू शकते. या निष्कर्षावर आक्षेपही पुष्कळ आले. गरिबाघरी मूल लहान जन्मते आणि गरीब माणूस आयुष्यभर हालातच राहतो, मग दोष जन्मवजनाचा की दारिद्र्याचा, हा त्यांतील मुख्य आक्षेप. आक्षेप योग्य होता आणि त्याचे उत्तर नव्या अभ्यासांतूनच मिळणार होते. त्यांतील एक अत्यंत महत्त्वाचा अभ्यास झाला तो आपल्या पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये.

पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यापुढे एक कोडे होते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत मधुमेही म्हणजे लठ्ठ, उतारवयाचा माणूस. त्यांच्याकडे येणारे रुग्ण मात्र तरुण आणि त्या मापाने चक्क सडपातळ. पुढे २००४ साली त्यांनी व लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राध्यापक जॉन युडकिन यांनी मिळून 'लॅन्सेट'मध्ये स्वत:चेच छायाचित्र छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! शास्त्रीय नियतकालिकांत विनोद क्वचितच आढळतो. हा असा की ज्याने हजार तक्त्यांचे काम केले.

ही छुपी चरबी येते कोठून? त्याचा शोध घेण्यासाठी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या सहकार्याने माता-पोषणाचा अभ्यास सुरू झाला. के.ई.एम.ला खेड्याचा परिचय नवा नव्हता. डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकातच वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले होते आणि गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले होते. या सहा गावांतील सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांच्या घरी अभ्यासातील सेविका दर महिन्याला जात व पाळीची तारीख लिहून घेत. गर्भधारणा केव्हा झाली हे अचूक कळावे म्हणून हा खटाटोप! बाळंतपण कोठेही होवो, घरी, माहेरी वा दवाखान्यात, ७२ तासांच्या आत तेथे पोहोचून बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा व पोटाचा घेर, दंडाची व पाठीची त्वचेखालील चरबी मोजली जाई. पावसाळ्यात, चिखलातून, रात्री-अपरात्री. मासिकांत शास्त्रज्ञांची नावे छापली जातात. या सेविकांची पायपीट त्या नावांच्या मागे असते.

निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पुण्याजवळची पूर्ण दिवसांची बाळे सरासरी २.७ किलोंची, तर साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळे प्रत्येक मापाने लहान होती; पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. केवळ एका बाबतीत ती फारशी मागे नव्हती : पाठीवरील त्वचेखालच्या चरबीत. दिसायला किडकिडीत, आतून मात्र चरबी राखून असलेले हे बालक. मधुमेहाकडचा आपला कल पाळण्यातच दिसू लागतो असा याचा अर्थ.

मग या मातांच्या ताटात काय होते? येथे आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम मला फार मोलाचे वाटते. ज्या स्त्रियांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. आणि ज्यांना गरोदरपणातही अंगमेहनतीची कामे अधिक करावी लागत, त्यांची बाळे लहान. म्हणजे प्रश्न केवळ पोटभर भाकरीचा नव्हता. आता गावात दूध नव्हते का? होते. पण आपल्याकडच्या खेड्याचे दूध पहाटे डेअरीच्या कॅनमधून शहराकडे जाते आणि घरात चहापुरते उरते. पुण्यातील आपल्या फ्रिजमधील पिशवीचा हा दुसरा पैलू आहे, एवढेच येथे नोंदवून पुढे जातो.

त्यापुढचा निष्कर्ष २००८ सालचा आणि तो येथे बसलेल्या बहुसंख्य कुटुंबांशी थेट संबंधित आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो. या मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात 'ब-१२' हे जीवनसत्त्व कमी आढळले. फॉलिक आम्ल मात्र पुरेसे होते. आणि ज्या मातांमध्ये फॉलिक आम्ल जास्त पण ब-१२ कमी, अशी जोडी होती, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. ब-१२ हे कोणत्याही वनस्पतीत तयार होत नाही. ते सूक्ष्म जिवाणू तयार करतात आणि प्राणिज अन्नातून, म्हणजे शाकाहारी घरात दूध, दही, ताक यांतूनच आपल्यापर्यंत येते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पिढ्यान् पिढ्यांचा शाकाहार आहे. तो सोडा असे मी सांगत नाही. शाकाहार ही अनेकांची श्रद्धा आहे आणि तिचा मी आदर करतो. पण 'आमचे अन्न सात्त्विक, म्हणून परिपूर्ण' हा जो एक आत्मविश्वास आपल्या घरांत असतो, तो या आकड्यांपुढे टिकत नाही. शाकाहारी गर्भवतीने, खरे तर गर्भधारणेचा विचार करणाऱ्या मुलीने, डॉक्टरांना विचारून ब-१२ तपासून घ्यावे आणि कमी असल्यास ते गोळीने वा इंजेक्शनने भरून काढावे. फॉलिक आम्लाची गोळी मात्र बंद करू नये. बाळाच्या मज्जासंस्थेतील जन्मजात व्यंगे टाळण्यासाठी ती आवश्यकच आहे.

अलीकडे मध्यमवर्गीय घरांत गर्भसंस्कारांचे मोठे आकर्षण आहे. वर्ग असतात, ध्वनिफिती असतात, पुस्तके असतात. गर्भावस्थेत बालकावर परिणाम होतो ही आपली जुनी धारणा विज्ञानाने आज एका अर्थाने उचलून धरली आहे, याचा मलाही आनंद आहे. पण ज्या घरात सून सर्वांना वाढून शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाची भाजी येते, त्या घरात ध्वनिफीत लावून कोणता संस्कार होणार? सासूबाईंनी तिला आपल्याबरोबर पानावर बसवावे. हा संस्कार विनामूल्य आहे. या विषयावर मी अनेक ठिकाणी बोललो आहे आणि दरवेळी पुरुषवर्ग येथे हसतो, स्त्रिया हसत नाहीत.

या अभ्यासातील मुले पुढे सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षीही तपासली गेली. २०१२ साली त्याच मुलांना, जी तेव्हा पौगंडावस्थेत होती, ब-१२ व इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्याचा प्रयोग सुरू झाला. हेतू हा की त्यांच्या पोटी येणारी पिढी अधिक निरोगी व्हावी. संशोधनात लोक केवळ मोजले जातात आणि नंतर विसरले जातात, ही तक्रार आपण ऐकतो व ती पुष्कळदा खरी असते. रक्ताचे नमुने घेतले, पदवी मिळवली आणि गावाला निकालही कळवला नाही, असे प्रकार मी जवळून पाहिले आहेत. म्हणून जे तीस वर्षे त्याच गावांत जात राहतात त्यांचा वेगळा उल्लेख करावासा वाटतो.

तीस वर्षांचा विषय निघाला म्हणून सेवाग्रामकडे वळतो. डॉ. सुशीला नायर गांधीजींच्या निकटच्या, पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झालेल्या; अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले होते. १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्या वर्षी पंधरा दिवस त्याच गावात मुक्काम, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे, आणि पुढे शिक्षणभर त्या कुटुंबांकडे जाणे-येणे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने कुटुंब दत्तक योजना देशभरातील एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात आणली ती २०२२ साली. सेवाग्रामला ही रीत त्याच्या अर्धशतक आधी पडली होती. आपल्यापैकी कोणाचा मुलगा वा मुलगी आज वैद्यकीय शिक्षण घेत असेल तर त्याला अवश्य विचारा की, तुझी कुटुंबे कोणती, त्यांच्याकडे शेवटचा केव्हा गेला होतास? विचारणारे कोणी नसेल तर चांगल्या योजनेचेही केवळ जर्नल भरले जाते.

सेवाग्रामच्याच डॉ. उल्हास जाजू यांनी गावकऱ्यांसाठी विमा योजना केली. गंमत म्हणजे ती सामाजिक वैद्यक विभागातून न येता औषधवैद्यक विभागातून आली. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. ज्वारी यासाठी की, त्या दिवसांत शेतकऱ्याकडे रोकड नसली तरी धान्य असते. गावातील किमान ७५ टक्के कुटुंबे सहभागी झाली तरच गाव योजनेत येणार. या अटीमुळे आजारी तेवढेच सभासद होण्याचा धोका टळला आणि गावाला एकत्र बसणे भाग पडले. अचानक उद्भवणाऱ्या आजाराला रुग्णालयात मोफत उपचार. जे आधीपासून ठाऊक असते, उदाहरणार्थ साधे बाळंतपण वा मोतीबिंदू, त्यात घरच्यांचाही वाटा. जो देतो तो हक्काने विचारतो, हे सूत्र त्यामागे होते. फुकट औषधाची पुडी घेणारा मनुष्य प्रश्न विचारत नाही.

आता पुन्हा चिठ्ठीकडे. शिबिरात रक्तदाब मोजला जातो, एकदाच. उच्च रक्तदाब एका मोजणीवर ठरत नाही आणि ठरला तर त्याचे औषध बहुधा जन्मभराचे असते. आपण पाच दिवसांच्या गोळ्या देतो. त्या संपतात, आणि 'आपण औषध घेतले' या समाधानात रुग्ण पुढच्या शिबिराची वाट पाहतो. हे निरुपयोगीच नव्हे, काही वेळा अपायकारकही आहे. रक्तक्षयाचे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुंबईत देवनारच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होते; तिच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्या सरकार देते, गर्भवतीला १८० दिवसांच्या. प्रश्न गोळीचा नाहीच. गोळी घेतल्यावर शौचाला काळे होते म्हणून ती घाबरून बंद होते, मळमळते म्हणून डब्यात पडून राहते, आणि घेतली तरी चहाबरोबर घेतली जाते, ज्यामुळे लोह अंगी लागत नाही. हे शिबिरात कळत नाही. पंधरा दिवसांनी तिच्या घरी जाऊन, गोळ्यांचे पाकीट पाहून कळते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकाची काळजी घेण्यास शिकवून नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक खाली आणले. १९९९ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून 'आशा' कार्यकर्तींच्या मार्फत ही पद्धत सरकारने देशभर स्वीकारली. तेथेही कळीची गोष्ट तीच : बाळाच्या घरी ठरल्या दिवशी जाणे.

माझी सूचना अशी आहे. यंदाचे शिबिर रद्द करा. गर्दीचे छायाचित्र मिळणार नाही, देणगीदार कदाचित नाराज होतील. त्यांना मी समजावून सांगेन. त्याऐवजी एकच वस्ती घ्या, शंभर घरांची. चार भगिनींनी पंचवीस-पंचवीस घरे वाटून घ्यावीत. वहीत मोजकेच रकाने असावेत : घरातील माणसे व वये, गर्भवती कोण व दिवस किती, सहा वर्षांखालील मुलांची वजने, रक्तदाब व मधुमेहाचे रुग्ण आणि त्यांचे औषध चालू आहे की नाही, वर्षभरातील जन्म आणि मृत्यू. महिन्यातून एकदा प्रत्येक घर. वजनकाटा दरवेळी एक किलोचे माप ठेवून तपासून घ्यावा. काटा बिघडला तर सारी वही बिघडते. वही सुरू करण्यापूर्वी वस्तीतील आशाताई व अंगणवाडीसेविका यांना भेटा, त्यांच्या कामाची नक्कल करू नका, त्यांना जेथे माणूस कमी पडतो तेथे उभे राहा. कोणाच्या घरचा आजार दुसऱ्या घरी बोलायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगावा व तो मोडणाऱ्याचे काम काढून घ्यावे. आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील सामाजिक वैद्यक विभागात जा. तेथे अशा कामाची वाट पाहणारा एखादा तरुण अध्यापक नक्की भेटेल. आकडेमोड त्याच्याकडे सोपवा. सहा महिन्यांनी निघालेले निष्कर्ष प्रथम वस्तीतल्या लोकांसमोर, त्यांच्या बैठकीत वाचून दाखवा. अहवाल नंतर.

वहीचा एक नमुना मी तयार करून आणला आहे, तो व्यवस्थापकांकडे ठेवला आहे. रकान्यांबद्दल ज्यांना शंका असतील त्यांनी आता विचाराव्यात, चहाला अजून वीस मिनिटे अवकाश आहे.